लेखणी, कळफलक आणि श्रवण

महाविद्यालयाच्या वर्गांत विद्यार्थ्यानें लॅपटॉप उघडून बसावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. सातपुड्याच्या दक्षिणेस, शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यास पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचें महाविद्यालय आहे. तेथें शेतकऱ्यांचीं, भिल्लांचीं, पावऱ्यांचीं मुलें शिकण्यास येतात. कित्येकांच्या घरांतून महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडणारी ही पहिलीच पिढी. याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक वांटले गेले. तेव्हां या भागांत यंत्र आलें यांत नवल नाहीं. कोणा घरीं कापसाच्या वा पपईच्या पैशांतून, कोणा घरीं कर्ज काढून तें येतें. पण तें वर्गांत कसें वापरावें हें शिकविणारा कोणी त्याच्याबरोबर येत नाहीं.

घरोघरीं याविषयीं दोन पक्ष पडलेले दिसतात. वडील मंडळी म्हणतात, पडद्यापुढें बसून का कोठें विद्या येते? मुलें म्हणतात, वहीचा काळ गेला. दोन्ही पक्ष साधनाविषयीं भांडतात. ऐकण्याविषयीं कोणीच बोलत नाहीं.

साधनावरचा हा राग मात्र जुना आहे. पाणिनीय शिक्षा या ग्रंथांत सहा प्रकारच्या अधम पाठकांची गणना केली आहे; तींत लिहिलेलें पाहून म्हणणारा, म्हणजे लिखितपाठक, हाही एक आहे. ज्या वहीची आज आम्ही कड घेतों, ती वहीच एके काळीं कमीपणाची समजली जात होती! परंतु त्याच गणनेंत अनर्थज्ञ, म्हणजे अर्थ न जाणतां म्हणणारा, हाही बसविलेला आहे. पाहून म्हणणारा जसा दोषी, तसा न समजतां घोकणाराही दोषी. श्रवणामागून मनन व्हावें हें आपलें जुनें शिक्षणशास्त्र. साधन कोणतेंही असो, ऐकलेलें मनांत उतरलें काय, हीच त्याची कसोटी.

या कसोटीवर लॅपटॉप कसा उतरतो? अमेरिकेंतील मुलर व ओपेनहायमर या संशोधकांनीं २०१४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना व्याख्यानें ऐकवून कांहींना हातानें व कांहींना यंत्रावर टिपणें घ्यावयास सांगितलें. यंत्रवाल्यांनीं शब्द पुष्कळ टिपले, तेही बरेचसे जसेच्या तसे. हातानें लिहिणाऱ्यांनीं थोडे टिपले. परंतु विषयाची समज पाहणाऱ्या प्रश्नांत ते सरस ठरले. हात जिभेइतका वेगानें धांवत नाहीं, म्हणून लिहिणाऱ्यास निवड करावी लागते. आणि निवड करावयाची तर आधीं समजावें लागतें. पुढें २०१९ व २०२१ सालीं इतरांनीं तो प्रयोग पुन्हां करून पाहिला, तेव्हां शब्दशः टिपण्याची खोड आढळली, पण गुणांतील फरक तितक्या ठामपणें आढळला नाहीं. तेवढ्यावरून यंत्रास वर्गाबाहेर काढणें न्यायाचें होणार नाहीं.

दुसरा पुरावा आम्हांस अधिक गंभीर वाटतो. कॅनडांतील एका प्रयोगांत, जो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला, व्याख्यान चालू असतां यंत्रावर भलतींच कामें करणाऱ्यांचे गुण तर घटलेच. पण ज्यांच्यापुढें केवळ कागद होता आणि दुसऱ्याचा पडदा ज्यांच्या नजरेंत येत होता, त्यांचे गुणही सुमारें शेंकडा १७ नें कमी भरले. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस हें समजावून सांगावयास नको. माजघरांत एकानें दूरचित्रवाणी मोठ्यानें लावली म्हणजे अभ्यास घरांतल्या सर्वांचाच मोडतो. आपला पडदा ही आपली खासगी बाब आहे, असें म्हणण्याचा अधिकार वर्गांत बसलेल्या विद्यार्थ्यास उरत नाहीं, तो याच कारणानें.

आमच्या मराठी मुलांची अडचण आणखी निराळी आहे. प्राध्यापक मराठींत समजावितो आणि मुलगा रोमन अक्षरांच्या कळा दाबून ती मराठी पडद्यावर आणूं पाहतो. शब्द नीट उमटला कीं नाहीं हें पाहण्यांत त्याचें लक्ष गुंततें, आणि पुढचें वाक्य निसटून जातें. वास्तविक इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकांत आलेला आहे, आणि त्याची रचना वर्णमालेच्या शिस्तीची आहे. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. ज्या कळीवर त, तिच्यावरच थ. अल्पप्राणाच्या पाठीशीं त्याचा महाप्राण उभा! ज्यानें लहानपणीं मुळाक्षरें नीट म्हटलीं आहेत, त्यास ही व्यवस्था परकी वाटावयाची नाहीं. यंत्रासाठीं हजारों रुपये मोजावयाचे आणि आपल्या लिपीच्या कळा शिकण्यास मात्र रोजचा अर्धा तास काढावयाचा नाहीं, याला काय म्हणावें?

इतकें असूनही सरसकट बंदीस आमची संमति नाहीं. दृष्टिहीन विद्यार्थ्यास पडदा वाचून दाखविणारी प्रणाली हीच त्याची वही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अशा विद्यार्थ्यास आवश्यक सोय मिळालीच पाहिजे. सर्वांचीं यंत्रें मिटवून त्या एकट्याचें उघडें ठेवलें, तर त्याचें व्यंग साऱ्या वर्गापुढें मांडल्यासारखें होतें. तसेंच जिची घरची बोली भिली किंवा पावरी आहे, तिला मराठी पुस्तकांतला अडलेला शब्द तेथल्या तेथें शोधण्यास हेंच यंत्र उपयोगी पडतें. मार्च २०२० नंतर वर्ग बंद पडले, तेव्हां ज्यांच्या हातीं यंत्र नव्हतें व ज्यांच्या पाड्यावर मोबाइलची रेंज नव्हती, अशा मुलांचें किती नुकसान झालें तें आपण पाहिलें आहे. त्यांच्या हातीं उशिरां आलेलें साधन पुन्हां काढून घेणें बरें नव्हे.

आणि दोष एकट्या विद्यार्थ्यांचाच आहे काय? भिंतीवरच्या पडद्यावरील मजकूर अक्षरशः वाचून दाखविणारा अध्यापक हा आजचा लिखितपाठकच होय. त्यानें वाचावें व मुलांनीं उतरून घ्यावें, यांत समजण्याचें काम कोणाकडेच राहत नाहीं. लोणखेड्याच्या संस्थेनें ज्यांचें नांव धारण केलें आहे, ते साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते, आणि वसतिगृहांतील मुलांसाठीं ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक स्वतः हातानें लिहीत असत. साधन कागद-लेखणीचें; पण रोज नवें लिहावयाचें तर मुलांस आज काय हवें हें रोज पाहावें लागे. असा शिक्षक पुढें उभा असला, तर मुलांची नजर पडद्यावरून आपोआप वर येते.

तेव्हां मध्यम मार्ग असा. यंत्र वापरणाऱ्यांनीं मागच्या रांगेंत बसावें, म्हणजे त्यांचा पडदा इतरांच्या डोळ्यांपुढें नाचणार नाहीं. ज्यास यंत्रावांचून गत्यंतर नाहीं, त्यानें मात्र सोयीस येईल तेथें बसावें, आणि कारण कोणी विचारूं नये. अध्यापक समजावून सांगत असतां इतरांनीं झांकण मिटावें. उदाहरणें सोडवितांना वा शोध घेतांना उघडावें. आणि सत्राच्या आरंभींच हा नियम सांगून टाकावा, म्हणजे रोजची कटकट राहणार नाहीं.

घरच्यांच्या हातीं तर याहून सोपा उपाय आहे. रात्रीं पानें मांडलीं म्हणजे मुलास “आज किती लिहिलेंस?” असें न विचारतां, “आज काय ऐकलेंस, तें आजीला समजेल असें सांग,” असें म्हणावें. सांगतां आलें, तर टिपण यंत्रावर असो वा वहींत, काळजीचें कारण नाहीं. न आलें, तर आठ दिवस यंत्र घरीं ठेवून वही न्यावी, आणि आजीपुढें पुन्हां परीक्षा द्यावी.