माझा आवडता नेता : मुलांना शोधू द्या!

'माझा आवडता नेता' या निबंधात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली मुलंही तीच पाठ केलेली वाक्यं लिहितात. एकदा त्यांना ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्याबद्दल सांगून बघा. 1971 च्या युद्धात वीरचक्र, पुढे नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून ते भारत-पाकिस्तान शांततेसाठी झटले. 2004 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नंतर आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. त्याच पक्षाच्या कारभारावर त्यांनी प्रश्न विचारले. 2015 मध्ये ते पद गेलं. शत्रूशी लढायला धाडस लागतंच, पण आपल्याच माणसांची चूक दाखवणं जास्त अवघड. वर्गात एखादं मूल 'सर, हे चुकलं' म्हणालं, तर आपण त्याला गप्प बसवतो की शाबासकी देतो? विचार करा.