कालगुर्लीचे पत्र : मोठ्या कागदांचा चिमटा

मागच्या खेपेला आम्ही इथल्या लाल धुळीविषयी लिहिले होते. या खेपेला एका चिमट्याविषयी लिहीत आहोत. हसू नका! हा स्वयंपाकघरातला चिमटा नव्हे, आणि दोरीवर कपडे वाळत घालायचा तर नव्हेच. मोठमोठे नकाशे टांगून ठेवायचा, मीटरभर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा. इथे त्याला प्लॅन क्लॅम्प म्हणतात, कोणी प्लॅन हँगरही म्हणतात. असे बारा चिमटे आमच्या घरी आहेत, आणि ते असूनही आमच्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे पत्र.

झाले असे. दोन महिन्यांपूर्वी अश्दोदहून आमच्या पुतण्याचा फोन आला. "काकी, मी पावसाळा संपला की गावी जाणार आहे. आजोबांची कबर शोधायचीय. काकांनी कबरस्थानाचा नकाशा काढला होता ना? तो तुमच्याकडेच असणार."

होता. म्हणजे कुठेतरी होता.

१९७६च्या मे महिन्यात आमचे हे गावी गेले होते. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव पुढे १९८१ साली आले. हे मुंबईत ड्राफ्ट्समनच्या नोकरीला होते. गावातली आपली घरे एकेक करून बंद होत होती. ह्यांच्या मनात आले, उद्या इथे कोण कोणाला दाखवणार की ही कबर कोणाची? म्हणून फीत, खुंट्या आणि सुतळी घेऊन हे चार दिवस उन्हात कबरस्थान मोजत होते. ह्यांची म्हातारी आत्या छत्री धरून सोबत चालायची आणि सांगायची, ही अमक्याची, ही तमक्याच्या आईची. काही दगडांवर अक्षरे होती, काहींवर नव्हतीच. परत आल्यावर ह्यांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने सुरेख नकाशा काढला. प्रत्येक कबरीला नंबर, आणि वरच्या अंगाला नंबराप्रमाणे नावे. बिननावाच्या दगडांची नावे त्या एका कागदावरच होती. आत्या दुसऱ्याच वर्षी गेली.

१९८१ साली आम्ही इकडे आलो. ज्यांना कालगुर्ली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : हे पर्थच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर, कोरड्या रानातले सोन्याच्या खाणींचे गाव. १८९३ साली पॅडी हॅनन आणि त्याच्या दोघा सोबत्यांना इथे सोने सापडले. गावाला प्यायला पाणी नव्हते, ते पर्थजवळच्या धरणातून नळाने १९०३ साली आले. आम्ही इथल्या इस्पितळात नर्सच्या नोकरीला लागलो आणि ह्यांना एका खाणीच्या ड्रॉइंग ऑफिसात काम मिळाले.

त्या ऑफिसात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटले, धोब्याकडे आलो की काय! चाकांच्या गाड्यांवर ओळीने कागद लटकत होते. आपल्याकडे कागद बांधून ठेवायची चाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. घरोघरचे सात-बारा आणि खरेदीखते पेटीत, नाहीतर गादीखाली. इथे कागद टांगलेले! पण थोड्या वेळाने आम्हाला आमचेच काम आठवले. पूर्वी एक्स-रेच्या फिल्मा डार्करूममध्ये स्टीलच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चिमट्यांनी लावून औषधात बुडवायचे आणि तशाच टांगून वाळवायचे. वॉर्डातही पेशंटचा चार्ट क्लिपला लावून खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला असायचा. डॉक्टर आले की हात घालताच मिळाला पाहिजे. हाही तोच प्रकार.

आता हा चिमटा असतो कसा ते सांगतो. दोन लांब पट्ट्या असतात. मधे कागदांची एक कड सारखी करून ठेवायची आणि हाताने फिरवायचे नॉब आवळायचे. कागदाला भोक पाडावे लागत नाही. पट्टीची टोके गाडीच्या किंवा भिंतीवरच्या दांड्यांवर बसतात. पुढच्या टोकाला नावाची चिठ्ठी लावायला जागा असते. एखादा कागद काढायचा असला तर नॉब सैल करून तेवढाच ओढायचा. कागद गुंडाळलेला नसल्यामुळे वाकत नाही, घडी नसल्यामुळे घडीवर फाटत नाही, आणि पुस्तकाची पाने उलटावी तसा बघता येतो.

एक हिशोब मात्र ध्यानात ठेवावा. ए-झीरो मापाचा कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे एक चौरस मीटरचा. साध्या ८० ग्रॅमच्या जातीचा असला तर एका कागदाचे वजन ८० ग्रॅम. असे शंभर कागद एका चिमट्यात लावले की झाले आठ किलो! हाडाच्या वॉर्डात पायाला ट्रॅक्शन लावतात, त्याची आठवण व्हावी एवढे हे वजन. म्हणून नॉब सगळीकडे सारखे आवळायला हवेत. एका बाजूला सैल राहिला की कागद तिरका सरकतो आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येतो. अंथरुणावरच्या पेशंटला एकाच जागी भार पडून जखम होते ना, तसेच.

पण खाणवाल्यांना नकाशांची एवढी काळजी का? आम्हालाही आधी कळत नव्हते. हे म्हणायचे, "खाणीत माणूस डोळ्यांनी चालत नाही, नकाशाने चालतो." शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी खोदून सोडून दिलेली पोकळी आज खडकाआड कुठे आहे हे वरून दिसत नाही. इथली मोठी उघडी खाण, सुपर पिट, १९८९ पासून एका कंपनीच्या हाती चालू झाली. ती सुमारे साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि ६०० मीटरपेक्षा खोल आहे. ती जुन्या भुयारी खाणींच्याच जागेवर खोदली आहे. वर अवजड यंत्रे आणि खाली जुन्या पोकळ्या! म्हणून आधी जुने नकाशे बघतात, मग भोके पाडून खात्री करतात आणि मगच यंत्र पुढे नेतात. ते जुने नकाशे पुष्कळदा खळ लावलेल्या लिननच्या कापडावर काढलेले असत. त्यावर पाण्याचा थेंब पडला की डाग पडे. हे हातांना पावडर लावून बसायचे.

नकाशा चुकला तर काय होते ते २००२ साली अमेरिकेत दिसले. पेनसिल्वेनियातल्या क्वेक्रीक खाणीत जुलै महिन्यात कामगार कोळसा काढत होते. शेजारच्या सोडलेल्या खाणीत पाणी भरलेले होते. हाताशी असलेल्या नकाशाप्रमाणे ती खाण अजून दूर होती, कारण तिचे शेवटचे काम त्या नकाशात उतरलेलेच नव्हते. भिंत फुटली आणि नऊ जण आत अडकले. ७७ तासांनी सगळे जिवंत बाहेर आले, ही देवाची कृपा. त्या दिवसांत हे टीव्हीसमोरून हलत नव्हते.

आमच्या शेजारचीही एक गोष्ट आहे. कूलगार्डीजवळ बॉनी व्हेल म्हणून जागा आहे. १९०७च्या मार्चमध्ये मोठा पाऊस होऊन तिथल्या खाणीत पाणी शिरले आणि मोदेस्तो वारिस्केत्ती नावाचा इटालियन कामगार आत राहिला. पाणी त्याच्या पुष्कळ वर चढले होते, पण तो होता त्या चढत्या पोकळीत हवा कोंडून राहिली होती. खडकावर ठोकल्याचा आवाज ऐकू आला तेव्हा तो जिवंत असल्याचे कळले. पर्थहून खास आगगाडीने पाणबुडे आणले. ते काळोखात पाण्यातून त्याच्यापर्यंत अन्न आणि मेणबत्त्या घेऊन गेले, आणि नवव्या दिवशी त्याला बाहेर काढला. जमिनीखालचा माणूस नेमका कुठे आहे हे वरच्यांना ठाऊक असणे, यात केवढे आले!

पुढे कॉम्प्युटर आले. ड्रॉइंगची टेबले गेली, अमोनियाच्या प्रिंटांचा तो नाक जाळणारा वास गेला, आणि ऑफिसातल्या जुन्या वस्तू विकायला काढल्या. ह्यांनी एक गाडी आणि बारा चिमटे घरी आणले. "हे कशाला?" म्हणून आम्ही रागावलो होतो. ह्यांनी गाडी गॅरेजात लावली, आणि बागेचे, घराच्या दुरुस्तीचे, नातवंडांच्या चित्रांचे कागद तिच्यावर टांगले. प्रत्येकाला चिठ्ठी आणि तारीख. आणि दिव्याखाली अंधार तो असा की गावचा तो नकाशा मात्र मुंबईहून आला तसा गुंडाळीतच राहिला. "एकदा सवडीने करू" म्हणता म्हणता सहा वर्षांपूर्वी हेच गेले.

पुतण्याच्या फोननंतर आम्ही कपाटावरच्या नळ्या काढल्या. चौदा होत्या, एकीवरही नाव नव्हते. अकराव्या नळीत नकाशा मिळाला. पिवळा पडलेला, आणि इतका घट्ट वळलेला की सोडला की पुन्हा गुंडाळी. मुंबईच्या दमट हवेतला तो कागद इथल्या कोरड्या उन्हाळ्यांत पापडासारखा झाला होता. आमच्या डोक्यात आले, चिमट्यात लावून टांगला की आपल्या वजनाने सरळ होईल. वरची कड चिमट्यात धरली, नॉब आवळले आणि खालचे टोक हळूच ओढले. कर्र्‌ असा आवाज झाला. वरची कड आडवी फाटली आणि बारीक तुकडे फरशीवर पडले. नेमकी तिथेच पहिल्या रांगेची नावे होती.

चाळीस वर्षे आम्ही म्हाताऱ्या पेशंटांना सांभाळले. ठिसूळ हाडाच्या माणसाला हिसका देऊन उठवू नये हे नव्या मुलींना शिकवले. आणि तेच आम्ही ह्यांच्या कागदाला केले! त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीला बोलावले. तिने खाणीच्या प्लॅनरूममध्ये पुष्कळ वर्षे काम केलेले. तिने तुकडे पाकिटात भरायला लावले आणि जे सांगितले ते इथे लिहून ठेवतो :

१. चिमटा हा रोज बघायच्या, धडधाकट कागदांसाठी. जुना, ठिसूळ किंवा एकुलता एक कागद चिमट्यात लावू नये. तो मोठ्या ड्रॉवरमध्ये किंवा पुठ्ठ्याच्या दोन पाट्यांमध्ये सपाट ठेवावा.

२. घट्ट वळलेला कागद ओढून सरळ करू नये. आपला आपण जेवढा उघडेल तेवढाच उघडावा. न उघडला तर कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.

३. फाटले तर चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पुढे पिवळा होऊन कागदात मुरतो.

४. जुने निळे नकाशे आणि अमोनियाचे प्रिंट उजेडाने फिके होतात. ते भिंतीवर लावू नयेत.

५. अस्सल कागदाची आधी चांगली प्रत काढावी. ती प्रत टांगावी, वापरावी, नातेवाईकांना पाठवावी.

६. गुंडाळी असो की चिमटा, बाहेरून दिसेल असे नाव आणि तारीख लिहावी. हे न केल्यामुळेच आम्ही चौदा नळ्या उघडल्या.

मग तिच्या ओळखीच्या माणसाने तो नकाशा सपाट करून मोठ्या स्कॅनरवर घेतला. त्याला तीन आठवडे लागले. तुकडे टेबलावर मांडून आम्ही नावे जुळवली. पुतण्याच्या आजोबांची कबर तिसऱ्या रांगेत, नंबर २७, चिंचेच्या झाडापासून अकरा फूट. ते सगळे शाबूत होते. प्रत त्याला पाठवली, तो आनंदाने रडला. एक प्रत आमच्या गॅरेजात पहिल्या चिमट्यात टांगली आहे. अस्सल नकाशा आमच्या पलंगाखाली सपाट आहे.

पहिल्या रांगेत सात कबरी. सहांची नावे जुळली. नंबर ४चा तुकडा मिळाला नाही. फरशी दोनदा झाडली, झाडूत शोधले, नाही म्हणजे नाही. फक्त शेवटची अक्षरे राहिली आहेत : "...बाई, १९३१". दगडावर काही कोरलेले नाही, असे नकाशातच ह्यांनी लिहिले आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. १९३१ साली आपल्या घरातली कोणी आजी, पणजी आमच्या गावी वारली असे ज्यांना आठवत असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे. ते आम्हाला सांगतील, मग गावाचे नाव पडताळून बघू. आणि ज्यांच्या कपाटावर अशा नळ्या आहेत, गावच्या घराचा नकाशा असो की वंशवृक्ष असो, त्यांनी या आठवड्यात उतरवून निदान त्यावर नाव घालावे. उघडताना घाई करू नये.

पुढच्या अंकी भेटूच.