मालकी कुणाची?

बँकेत तारणाचे कागद तपासताना पहिला प्रश्न असे : मालकी कुणाची? ई-पुस्तकालाही तोच प्रश्न विचारायला हवा. त्याची सोय मी नाकारत नाही. साठी उलटलेल्या डोळ्यांना अक्षर मोठे करता येणे हे वरदानच. पण जुलै २००९ मध्ये हक्कांच्या घोळापायी अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ परस्पर काढून घेतली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही गेली. पैसे परत मिळाले, पुस्तके नाहीत. म्हणजे बहुतेक वेळा आपण घेतो तो केवळ वाचण्याचा परवाना. छापील प्रत लेकीला देता येते, रद्दीतूनही दुसऱ्याच्या कपाटात पोचते. ई-पुस्तके जरूर वाढोत. पण ‘विकत घ्या’ म्हणणाऱ्याने मालकीही द्यावी, नाहीतर ‘भाड्याने’ असे स्वच्छ लिहावे.