दोनशे सातवी रात्र : सभान स्वप्नांचा इतिहास आणि ‘तीन रात्रींत शिका’चा बाजार

१/
झोपेत स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणे, याला इंग्रजीत ‘ल्युसिड ड्रीमिंग’ म्हणतात. मराठीत त्याला सभान स्वप्न म्हणता येईल. या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या तरुणाला आज दोन आरोळ्या ऐकू येतात. एक म्हणते, ‘तीन रात्रींत शिका.’ दुसरी म्हणते, ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच.’ इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही खोट्या ठरतात.

२/
पहिली आरोळी आधी पाहू. एर्वे द सें-दनी हा १८२२ साली जन्मलेला फ्रेंच चिनी-विद्यापंडित. वयाच्या तेराव्या वर्षी त्याने स्वप्ने लिहून व रेखाटून ठेवण्यास आरंभ केला. २२ वह्या, १९४६ रात्री. १८६७ मध्ये ‘स्वप्ने आणि ती वळविण्याचे उपाय’ या आशयाचे त्याचे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. ते इतके दुर्मीळ झाले की खूप शोधूनही फ्रॉइडच्या हाती लागले नाही.

३/
या वह्यांत पहिले सभान स्वप्न कितव्या रात्री नोंदले आहे? २०७व्या. दुसरे २१४व्या. त्यानंतर सहा महिन्यांनी पाच रात्रींत सरासरी दोनदा, आणि सव्वा वर्षाने जवळजवळ रोज. म्हणजे सुमारे सात महिने हा मुलगा केवळ लिहीत होता. ‘तीन रात्रीं’चा सौदा करणारे त्याचे नाव मोठ्या आदराने घेतात, त्या २०६ रिकाम्या रात्रींचा उल्लेख मात्र टाळतात.

४/
‘ल्युसिड ड्रीम’ हा शब्द रूढ केला तो फ्रेडरिक व्हॅन एडन या डच मानसोपचारतज्ज्ञ व साहित्यिकाने, १९१३ सालच्या निबंधात. १८९८ ते १९१२ या काळात त्याने ३५२ सभान स्वप्ने नोंदवली. भागाकार सोपा आहे : महिन्याला सरासरी दोन. ज्याने या अनुभवाला नाव दिले, त्याचा हा हिशेब.

५/
यावर उत्तर येते, ‘ते जुने लोक, आता विज्ञान पुढे गेले आहे.’ गेले आहे, यात शंका नाही. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न याने ॲलन वर्स्ली या स्वप्नकर्त्याच्या डोळ्यांच्या ठरवून केलेल्या हालचाली झोपेतच यंत्रावर टिपल्या. स्वप्नावस्थेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, डोळे मात्र हलू शकतात. म्हणून हा संकेत शक्य झाला. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज याने १९८१ मध्ये असाच पुरावा प्रसिद्ध केला. परंतु या प्रयोगांनी सिद्ध झाले ते एवढेच, की हा अनुभव खरा आहे. तो झटपट येतो, असे त्यांतून कोठेही निघत नाही.

६/
२०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी स्वप्न पाहणाऱ्यांना झोपेतच साधी गणिते व प्रश्न विचारले. सहभागी ३६, प्रयत्न १५८. बरोबर उत्तरे सुमारे १८ टक्के. निम्म्याहून अधिक प्रयत्नांना काहीच प्रतिसाद नाही. शास्त्रज्ञ हा आकडा यश म्हणून मांडतात आणि ते योग्यच आहे. बाजाराला मात्र तो परवडणारा नाही.

७/
आता दुसरी आरोळी. मांडूक्योपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय यांचा विचार आहे, हे खरे. परंतु तेथे स्वप्नावस्थेचे विवेचन आहे ते आत्मविचारासाठी. स्वप्नात असताना ते स्वप्न म्हणून कसे ओळखावे, याची कृती तेथे नाही. अवस्थेचे वर्णन म्हणजे अभ्यासाची पद्धत नव्हे.

८/
तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात उपदेश केला. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला. या घटनांनाही हल्ली ‘ल्युसिड ड्रीम’ म्हणण्याची टूम निघाली आहे. हा अर्थाचा विपर्यास आहे. स्वप्नदृष्टान्ताचे सारे बळ तो खरा मानण्यात असते. सभान स्वप्नाचा गाभा नेमका उलटा : जे दिसते आहे ते स्वप्न आहे, हे आतच कळणे. दोहोंना एकाच नावाखाली कोंबल्याने संतांचा गौरव होत नाही. त्यांचे म्हणणे तेवढे पुसले जाते.

९/
मग भारताचा खरा धागा कोणता? अकराव्या शतकातील बौद्ध सिद्ध नारोपा. त्यांच्या नावाने चालत आलेल्या सहा साधनांत स्वप्नयोग आहे; शिष्य मार्पाच्या द्वारे ही परंपरा तिबेटात रुजली. तेथे स्वप्न ओळखायचे ते आकाशात उडण्याची हौस भागवण्यासाठी नव्हे, तर जागेपणीचे जगही तितकेच मायिक आहे हे जाणण्यासाठी. आणि त्यामागे गुरू आहे, दीक्षा आहे, वर्षांची साधना आहे. अभिमान बाळगायचा तर या कष्टांसकट बाळगावा.

१०/
दोन्ही आरोळ्या एकच गोष्ट झाकतात : वही. इतिहासाच्या अभ्यासकाला तिचे मोल वेगळे सांगायला नको. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल समकालीन पत्रांना अधिक मान का दिला? कारण उशिरा लिहिलेली आठवण स्वतःला नीटनेटकी करून घेते. पहाटे डोळे उघडताच लिहिलेले स्वप्न म्हणजे अस्सल पत्र. दुपारी मित्राला सांगितलेले स्वप्न म्हणजे बखर.

११/
नवशिक्याने करायचे ते थोडकेच आहे. उशाशी वही ठेवावी. जाग येताच न हलता स्वप्न आठवावे, तारीख घालून लिहावे. काहीच न आठवल्यास तसेही लिहावे. काही आठवड्यांनी वही पुन्हा वाचून वारंवार येणारी स्थळे, माणसे, विसंगती अधोरेखित कराव्यात. दिवसा तशी विसंगती दिसली की ‘हे स्वप्न तर नाही?’ असे खरोखर थांबून तपासावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय याने याच सवयीवर भर दिला होता. पहाटे जाग आलीच, तर नुकतेच पडलेले स्वप्न आठवून, पुढच्या वेळी ते ओळखायचे असा संकल्प करत झोपावे. ही लाबर्जची रीत. स्वप्नांची दाटी पहाटेच्या झोपेत अधिक असते, म्हणून तिला अर्थ आहे.

१२/
आणि काय करू नये? रोज मध्यरात्री गजर लावून झोपेचे तुकडे करू नयेत. परीक्षेच्या दिवसांत तर मुळीच नाही. जाग आल्यावर काही क्षण शरीर हलत नाही असा अनुभव कोणाला आला, तर घाबरू नये. तो आपोआप ओसरतो. भास-भ्रमाच्या विकारावर उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नये. झटपट यश विकणारे हे कधी सांगत नाहीत, कारण पूर्ण झोप विकता येत नाही.

१३/
सें-दनीच्या २०६ रात्री वाया गेल्या नव्हत्या. त्या रात्रींत एक मुलगा स्वतःच्या मनाचे दप्तर तयार करत होता. २०७व्या रात्रीचे भान त्याच दप्तरातून उगवले. ज्याला ते भान हवे आहे, त्याने तीन रात्रींचा सौदा नाकारावा आणि उद्या पहाटे पहिली तारीख घालावी.