गाडी नसलेल्यांचं घर

पुण्यामुंबईतल्या नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत अलीकडे ‘व्हेइकल-फ्री पोडियम’ हे शब्द हमखास दिसतात. गाड्या खालच्या दोन-तीन मजल्यांवर, त्यांच्या डोक्यावर हिरवळ, घसरगुंडी, ज्येष्ठांसाठी बाकं. मूल लिफ्टमधून बाहेर पडलं की थेट खेळायला, वाटेत एकही चाक नाही. या सोयीसाठी लोक जास्तीचा दर मोजतात. वाहनमुक्त वस्तीत राहायला आपल्याकडे कोण तयार होईल, असं विचारणाऱ्यांनी या जाहिराती वाचाव्यात. मागणी आहे, आणि बिल्डरांनी ती केव्हाच ओळखलीय. मात्र ती पुरवली जाते फाटकाच्या आत, खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगसकट आणि ज्यांना परवडतं त्यांनाच.

दुसरा पुरावा याहून जुना आहे. डोंबिवली, ठाणे, पार्ले, कुठंही घर बघायला जा, एजंट पहिल्यांदा सांगतो ते ‘स्टेशनपासून चालत पाच मिनिटं’. घराची किंमत त्या मिनिटांवर चढते-उतरते. पंधरा मिनिटांवरचं मोठं घर सोडून पाच मिनिटांवरचं लहान घर घेणारं कुटुंब गाडीवाचून जगता यावं म्हणूनच पैसे मोजत असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या शंभरांपैकी साधारण आठच कुटुंबांकडे मोटार होती. शहरांत हे प्रमाण जास्त आहे, हे खरं. तरीही बिनगाडीचे लोक शहरात अल्पसंख्य नाहीत.

आणि तरी घर बांधायचं म्हटलं की नियम गाडीपासून सुरू होतो. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात घराच्या क्षेत्रफळावरून मोटारींच्या आणि दुचाकींच्या जागा ठरतात. घरात गाडी आहे का, घेण्याचा विचार तरी आहे का, हा प्रश्न तिथं येतच नाही.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक मी ऐकली. आर्किटेक्टनं नकाशा पसरला. तळमजल्यावरची पिठाची गिरणी आणि वाण्याचं दुकान गेलेलं. त्या जागी रॅम्प आणि गाड्या एकावर एक चढवणारं यंत्र. सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी विचारलं, “आमच्याकडे गाडी नाही, मुलगा मेट्रोनं जातो. मग हे यंत्र आमच्या माथी कशाला?” आर्किटेक्ट नम्रपणे म्हणाले, “काकू, नियमात आहे, करावंच लागतं.” यंत्राची वार्षिक देखभाल आणि वीज मेंटेनन्समध्ये सगळ्यांवर सारखी पडणार होती. काकूंनी पुढचा प्रश्न केला तो मला जास्त महत्त्वाचा वाटला: “मग दळण कुठं टाकायचं?” त्याचं उत्तर नकाशात नव्हतं. पेठेत गाडीवाचून राहता येतं ते गिरणी, वाणी, दवाखाना, भाजी सगळं पायाखाली असतं म्हणून. पार्किंगसाठी तळमजला रिकामा केला की गाडीची गरज आपणच निर्माण करतो.

जागेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. तिला आत-बाहेर करायला लागणारी वाट धरली, तर साध्या पार्किंगमध्ये गाडीमागे पंचवीस-तीस चौरस मीटर सहज जातात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं, म्हणजे २८ चौरस मीटरहूनही किंचित लहान. पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर मंजूर बांधकामाच्या हिशेबात, धरत नाहीत, म्हणून ती फुकट वाटते. पण स्लॅब, खोदाई, काँक्रीट यांचा खर्च शेवटी घराच्या दरातच येऊन बसतो.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात वोबाँ नावाची वस्ती आहे. १९९२मध्ये फ्रेंच सैन्य तिथली छावणी सोडून गेलं आणि त्या जागेवर नागरिकांच्या सहभागानं साडेपाच हजारांच्या आसपास लोकांची वस्ती उभी राहिली. तिथंही कायद्यानं घरामागे एक पार्किंग सक्तीचं होतं. लोकांनी त्यातून वाट काढली. गाडी ठेवणाऱ्यानं वस्तीच्या कडेच्या सामाईक गॅरेजमध्ये स्वतःच्या पैशानं जागा विकत घ्यायची. गाडी नसणाऱ्यानं तसं लेखी द्यायचं आणि एका संस्थेचं सभासद व्हायचं. ती संस्था पुढं कधी गॅरेज लागलंच तर म्हणून एक मोकळा भूखंड राखून ठेवते. सभासदाचा खर्च गॅरेजमधल्या जागेच्या मानानं किरकोळ. २००६मध्ये ट्राम वस्तीत आली. घरांसमोरच्या गल्ल्यांत मुलं खेळतात. सामान उतरवायला, आजारी माणसाला दारात सोडायला गाडी येऊ शकते, पण माणसाच्या चालीनं, आणि तिथं उभी राहू शकत नाही. अँब्युलन्सला अडथळा होत नाही, कारण रस्त्यावर गाड्याच लावलेल्या नसतात. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत रात्री अग्निशमन दलाची गाडी शिरताना पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळेल.

आपल्याकडे जर्मनीसारखी ट्राम कुठं, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पीएमपीची बस वेळेवर येईल याचा भरवसा नसताना गाडी सोडा म्हणणं अन्याय्यच. म्हणून माझी मागणी सगळ्या शहरासाठी नाही. सप्टेंबर २०२४मध्ये पुण्याची मेट्रो कसबा पेठ, मंडईमार्गे स्वारगेटला पोचली. पेठांच्या पोटात स्थानकं आली, त्यांच्या आजूबाजूचे वाडे आणि इमारती पुनर्विकासाला निघाल्या, आणि तिथंही पार्किंगचे मजले चढताहेत. हजारो कोटी खर्चून मेट्रो आणायची आणि तिच्या दारात गाड्यांसाठी मजले बांधायला लावायचे, हे मला पटत नाही.

यातली खरी अडचण रस्त्यावर आहे. इमारतीत जागा नसली की लोक गाडी रस्त्यावर लावणार, तिथं ती फुकट असते. पुणे महापालिकेनं २०१८मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध झाल्यावर ते मोजक्या रस्त्यांपुरतं आखडलं आणि वर्षानुवर्षं अमलात आलं नाही. रस्त्यावरची फुकट जागा बंद केल्याशिवाय वाहनमुक्त घरं टिकणार नाहीत. दुचाकीचा प्रश्नही पुण्यात टाळता येणार नाही. तिला दोन चौरस मीटर पुरतात, तेवढी सोय ठेवायला हरकत नसावी.

नगरविकास विभागानं नियमावलीत एक पर्याय घालावा. मेट्रो स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत, सभासदांनी गाडी न ठेवण्याची लेखी हमी दिली तर मोटारींच्या पार्किंगशिवाय इमारत बांधता यावी. त्या पत्त्यावर रस्त्यावरच्या पार्किंगचा परवाना मिळू नये. वाचलेल्या तळमजल्यावर दुकानं यावीत आणि वाचलेला खर्च घराच्या दरातून वजा झालेला करारात स्पष्ट लिहिलेला असावा. सुरुवात मंडई स्थानकाजवळच्या एखाद्या सोसायटीपासून करावी. नावं नोंदवायला किती लोक येतात ते महापालिकेनं मोजावं आणि जाहीर करावं.