ज्योत नसलेली शेगडी



ज्या हातांनी पन्नास वर्षे चुलीवर, स्टोव्हवर आणि पुढे गॅसवर स्वयंपाक केला, त्या हातांना विस्तवाची भाषा अवगत असते. ज्योत मोठी की बारीक हे डोळे सांगतात, दूध उतू जाणार हे कान ओळखतात, फोडणी करपू लागली की नाक सावध करते. इंडक्शन शेगडी आली आणि ही ओळखीची भाषा निम्मी मुकी झाली. ज्योत नाही, धूर नाही, भुरभुर आवाज नाही. घाटावरच्या बुलढाणा-चिखलीपासून घाटाखालच्या खामगाव-शेगावपर्यंत अनेक घरांत ही शेगडी आता गॅसच्या जोडीला दिसते. ती वाईट नाही. परंतु ज्येष्ठांच्या हाती देण्यापूर्वी तिची भाषा त्यांना शिकवणे हे घरातील इतरांचे कर्तव्य आहे.

तिचा एक मोठा गुण आधी सांगावयास हवा. गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वयपरत्वे घ्राणशक्ती मंदावते आणि तो इशाराच अनेकांपर्यंत पोहोचत नाही. पदर पेटण्याची भीतीही उघड्या ज्योतीपाशीच अधिक. विसराळूपणा वाढलेल्या आजींसाठी आपोआप बंद होणारी शेगडी हा खरा दिलासा ठरू शकतो.

ती तापते कशी?

काचेच्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि भांड्याच्या तळातच उष्णता उत्पन्न होते. म्हणजे आधी तापते ते भांडे. काच तापते ती भांड्यामुळे. ॲल्युमिनियम, तांबे वा पितळेची साधी भांडी यावर चालत नाहीत. घरातला लोहचुंबक तळाला लावून पाहा. घट्ट चिकटला तर ते भांडे बहुधा चालेल. तळ सपाट हवा. एका कपाच्या चहाचे अगदी लहान भांडे शेगडी ओळखत नाही, हेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर 'बिघडली' म्हणून बटणे पुन्हा पुन्हा दाबली जातात. भाकरी लोखंडी तव्यावर भाजता येते, मात्र विस्तवावर फुगवता येत नाही. त्यासाठी काचेवर जाळी ठेवण्याचा प्रयोग करू नये.

जोडणी

दोन हजार वॅटची शेगडी सुमारे नऊ अँपिअर वीज ओढते. मोबाइल चार्जरसाठी असलेल्या सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ती लावणे धोक्याचे आहे. सोळा अँपिअरचे सॉकेट, योग्य जाडीची तार आणि व्यवस्थित अर्थिंग हवे. गळती होताच वीज तोडणारे सुरक्षा यंत्र घरात आहे का, हेही वीजतंत्र्याकडून तपासून घ्या. प्लग किंवा तार हाताला गरम लागली, जळका वास आला, तर वापर तत्काळ थांबवावा. वीज गेली की भिंतीवरचे बटण बंद करावे. परत आली की शेगडी कोणत्या स्थितीत आहे हे पाहूनच पुढे जावे.

ज्येष्ठांच्या इंद्रियांसाठी

काळ्या काचेवरची लहान अक्षरे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि बारीक 'टिक्' आवाज वृद्ध कानांना ऐकू येत नाही. चालू-बंद करण्याच्या खुणेशेजारी, बटणावर नव्हे, ठळक रंगाची लहान पट्टी चिकटवा. टायमर लावल्याखेरीज शेगडी सुरू करायची नाही, असा घरचा नियम करा. शेगडी बंद केल्यावरही काच बराच वेळ भाजण्याइतकी गरम असते. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका उशिरा कळतो. त्यांनी काचेला हात लावून 'गार झाली का' हे कधीही पाहू नये. चमचा, सुरी, झाकण काचेवर ठेवू नये. तेल येथे अतिशय लवकर तापते. फोडणीसाठी मंद आच निवडावी आणि कढईपासून हलू नये.

हृदयात पेसमेकर बसवलेला असेल, तर चालू शेगडी आणि पेसमेकर यांत किमान दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर अंतर राखावे, तिच्यावर वाकू नये आणि वापरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

निगा

स्वयंपाक संपल्यावर आतील पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नका. तोच आतील भाग थंड करतो. मागे व बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा आणि खाली कापड वा कागद पसरू नका, नाहीतर हवेची वाट अडते. पूर्ण गार झाल्यावर प्लग काढून मऊ, ओलसर फडक्याने काच पुसावी. पाणी ओतू नये, तारेची घासणी वापरू नये. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या खारपाण पट्ट्यात पाण्याचे शिंतोडे वाळून काचेवर पांढरे डाग उरतात. गार काचेवर थोडे लिंबू किंवा व्हिनेगर लावून ते पुसता येतात. भांड्याचा तळही कोरडा करूनच ठेवावा. हवेच्या फटींत झुरळे आणि धूळ साचते. प्लग काढून कोरड्या ब्रशने ती झाडावी. काचेला बारीकशी जरी चीर गेली, तरी शेगडी वापरू नये, कारण ओलावा थेट विजेपर्यंत पोहोचू शकतो. ती घरी उघडूही नये.

चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एक विनंती. 'आई, तू आता शेगडीला हात लावू नकोस' हे वाक्य काळजीपोटी येते. पण त्या एका वाक्याने घरातील तिची जागा हिरावली जाऊ शकते. त्याऐवजी या आठवड्यात तिच्याशेजारी उभे राहा आणि सलग चार दिवस चहा तिलाच करू द्या. तुम्ही केवळ पाहा. कोठे बोट अडखळते, कोठे डोळे बारीक होतात, तेथेच पट्टी चिकटवायची आहे.