छातीतील पहारेकरी

आपल्या घरांतून ‘क्षय’ हा शब्द अजूनही दबक्या आवाजातच उच्चारला जातो. सोयरीक मोडेल, शेजार तुटेल, या भयाने दुखणे झाकले जाते. आणि झाकलेले दुखणेच पसरते. म्हणून या रोगाशी आपले शरीर कसे झुंजते, ते आज पाहू.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. पुढे पाचच वर्षांनी, १८८७ साली, डॉ. आनंदीबाई जोशी वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी क्षयाने गेल्या. शत्रूची ओळख पटली होती. औषध मात्र नव्हते.

रुग्णाच्या खोकल्यातून हवेत आलेला जंतू फुप्फुसात शिरला, की त्याची पहिली गाठ पडते ती भक्षक पेशींशी. या पेशींजवळ शत्रू ओळखण्याची जन्मजात साधने असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. फळमाशीत ‘टोल’ नावाचा असा एक ग्राही बुरशीपासून रक्षण करतो, हे फ्रान्समध्ये १९९६ साली दिसून आले. तशाच ग्राहींचे कुटुंब मनुष्यातही आहे. त्या संशोधनातील ऑफमान आणि ब्यूटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. टोलसदृश ग्राहींपैकी दुसऱ्या क्रमांकाचा ग्राही क्षयजंतूवरील स्निग्धयुक्त प्रथिने ओळखतो. ‘मिंकल’ नावाचा निराळा ग्राही त्याच्या मेणासारख्या आवरणातील स्निग्ध द्रव्य हेरतो. ओळख पटताच पेशी हाकाटी करते, इतर पेशी धावून येतात आणि जंतूभोवती कोट उभारतात.

जंतूही कमी धूर्त नाही. पेशीने त्याला ज्या पिशवीत गिळलेले असते, तिच्यात पाचकरस येऊच नयेत अशी तजवीज तो करतो आणि पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश माणसांना हा संसर्ग झालेला आहे. परंतु त्यांपैकी शेकडा पाच ते दहाच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कुपोषण, मधुमेह वा एच. आय. व्ही. यांनी पहारा दुबळा झाला, की कोट ढासळतो.

तेव्हा क्षय हा कुळाचा कलंक नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये. बहुधा सहा महिन्यांचा हा उपचार अर्धवट राहिला, तर उरलेले जंतू औषधालाही दाद देत नाहीत. पहारेकरी आपले काम करीतच असतात. त्यांना साथ देणे घरच्या माणसांच्या हाती आहे.